जास्तीची ओळ

आमच्या हिला सगळे टिंबवाली म्हणतात. नाव मीच पाडलेलं, आणि तेही रागाच्या भरात. लग्न नवं होतं. मी टेलिफोन एक्स्चेंजमधली ड्यूटी संपवून घरी यावं, तर ही खिडकीशी बसून जाड कागदावर टोचणीनं टोच टोच करतेय आणि गॅसवर दूध उतू जाऊन वास सुटलाय. एक दिवस मी ओरडलो, "अगं टिंबवाले, घर पेटवशील एखाद्या दिवशी." शेजारणीनं ते ऐकलं आणि गल्लीभर केलं. आता पोस्टमनसुद्धा "टिंबवाली वहिनी आहेत का?" म्हणून विचारतो, आणि ही "आहे, आहे" म्हणून ऐटीत दार उघडते.

मला दिसत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी चुकचुकायला नको. जन्मापासून दिसत नाही. त्यात रडण्यासारखं काही नाही. नोकरी झाली, पेन्शन खातोय, भांडायला बायको आहे. हिला मात्र चांगलं दिसतं, नको तेवढं दिसतं. माझ्या शर्टावरचा चहाचा डाग हिला दुसऱ्या खोलीतून दिसतो.

लोकांना वाटतं, नवऱ्यासाठी बिचारी ब्रेल शिकली. बिचारी कसली डोंबलाची. ती शिकली ती ईर्ष्येनं. मी दिवा न लावता पलंगावर पडून पुस्तक वाचायचो आणि मध्येच हसायचो. ही विचारायची, काय झालं? मी म्हणायचो, काही नाही. चार-सहा वेळा असं झाल्यावर म्हणाली, "तुम्ही एकटे हसायचं आणि मी भिंतीकडं बघायचं, हे माझ्या घरात चालणार नाही." आणि सरळ आमच्या बाईंकडं जाऊन उभी राहिली.

बाई म्हणजे अंधशाळेतल्या आमच्या बाई. त्यांनाही दिसत नाही. त्यांच्या हाताखाली आमच्या गावातल्या आंधळ्या पोरांच्या दोन पिढ्या शिकल्या, मीही. आमच्या वाचनालयाच्या कपाटात जे काही होतं, ते सगळं बाईंच्या हातचं. बाईंनी हिला पहिल्याच दिवशी झापलं. "तू टिंबं डोळ्यांनी वाचतेयस. हे म्हणजे शेजाऱ्याच्या वहीत डोकावणं झालं. चोर आहेस तू." मग हिच्या डोळ्यांवर टॉवेल बांधून शिकवणी सुरू झाली. पहिला महिनाभर ही घरी येऊन रडायची, आणि मी, खोटं कशाला बोलू, मनातून खूश व्हायचो. वर्षभरात ही बोटांनी वाचायला लागली आणि माझं एकट्याचं हसणं संपलं.

पुढं हिनं छापील पुस्तकं ब्रेलमध्ये उतरवायला घेतली. काम कसं ते थोडं सांगतो. ब्रेलच्या खाचांच्या पाटीत जाड कागद अडकवायचा आणि टोचणीनं मागच्या बाजूनं टिंबं पाडायची, तीही उजवीकडून डावीकडं. कागद उलटला की टिंबं वर येतात आणि डावीकडून वाचता येतात. चुकून एक टिंब जास्त पडलं तर नखानं दाबून मोडता येतं. पण मोडलेलं टिंब बोटाला कळतंच, जखम भरली तरी वण राहतो तसं. इतर लोक मोडून पुढं जातात. ही अख्खा कागद फाडायची. कागद काय झाडाला लागतो का, म्हणून मी करवादायचो. ही ऐकून न ऐकल्यासारखं करायची आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू.

तर अशा हिच्याकडं वाचनालयानं शुभवर्तमानांची, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चार चरित्रांची, नवी प्रत करायचं काम दिलं. बाईंच्या हातची जुनी प्रत झिजली होती. बोटं फिरून फिरून टिंबं सपाट होतात, मग वाचणारा अंदाजानं वाचतो आणि स्वतःच्या मनातलं घुसडतो. आमच्या रविवारच्या वाचनाला हे रोजचंच झालं होतं. एकजण म्हणणार "तो गेला", दुसरा म्हणणार "तो आला", आणि दोघंही हमरीतुमरीवर.

ही छापील पुस्तकावरून टोचायची. पान झालं की मी तपासायचो. डाव्या हाताखाली बाईंची प्रत, उजव्या हाताखाली हिची, दोन्ही बोटं बरोबर चालवायची. चूक सापडली तर मला काय आनंद व्हायचा म्हणून सांगू. पण ही बया सापडू देईल तर ना. महिनोन्महिने माझी बोटं नुसती चालत राहिली.

मग आम्ही त्या आंधळ्या भिकाऱ्याच्या गोष्टीपर्यंत आलो. गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. तो रस्त्याच्या कडेला बसलेला असतो. येशू चाललाय असं कानावर येतं, तसा तो हाका मारायला लागतो. लोक म्हणतात, गप्प बस. तो आणखी मोठ्यानं ओरडतो. शेवटी त्याला बोलावणं येतं, अंगावरचं वस्त्र टाकून तो उठतो, जातो, आणि त्याला दिसायला लागतं. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, ही म्हण लोक आम्हाला ऐकवतात. इथं खरोखरच दोन मिळाले.

आमच्या जुन्या प्रतीत, तो वस्त्र टाकून उठतो त्याच्या लगेच पुढं एक ओळ होती. "त्याची आई गर्दीत उभी होती." एवढीच.

माझं डावं बोट त्या ओळीवर गेलं आणि उजवं बोट पुढच्या ओळीवर. मी टाळीच वाजवली. "गाळलीस, टिंबवाले. ओळ गाळलीस."

"कुठली?"

मी सांगितली. हिनं पुस्तक चाळल्याचा आवाज आला.

"अहो, अशी ओळ इथं नाहीच."

"छापणाऱ्यानं गाळली असेल."

ही उठली, घरातलं दुसरं छापील पुस्तक आणलं, मग शेजारणीचं आणलं, मग प्रार्थनामंदिरातलं. एकातही नाही. "सगळ्या छापखान्यांनी संगनमत केलं म्हणता का?" असं हिनं विचारलं.

तुम्हाला वाटेल, एका ओळीचं काय एवढं. सांगतो. जुन्या प्रतीत ती ओळ सगळ्यात जास्त झिजलेली होती. टिंबं जवळजवळ गेलीच होती, आम्ही ती पाठ म्हणून वाचायचो. कारण आमच्यातल्या प्रत्येकाची आई कुठं ना कुठं गर्दीत उभी राहिलेली आहे. मी नोकरीवर पहिल्यांदा एकटा गेलो, तेव्हा माझी आई एक्स्चेंजच्या खांबाआड उभी होती. तिला वाटलं मला कळलं नाही. मला तिच्या खोकल्यावरून कळलं होतं. ती गेली तेव्हा तिच्या कबरीपाशी मी हीच ओळ वाचली. आता ही मला सांगणार की ती ओळ नाहीच?

मी भांडलो. चांगला भांडलो. "राहू दे की. कुणाचं काय जातंय? दुसऱ्या शुभवर्तमानात आंधळ्याचे आईबाप येतातच की."

"तो वेगळा आंधळा, वेगळं गाव," ही म्हणाली. "आणि ते आईबाप घाबरून म्हणतात, पोरगा मोठा झालाय, त्यालाच विचारा. त्याची आई उचलून ह्याच्यामागं कशी उभी करू? मी उतरवणारी आहे. लिहिणारी नाही."

"आणि हीच गोष्ट एकात एका आंधळ्याची आहे, दुसऱ्यात दोघांची. एकात गाव सोडताना घडते, दुसऱ्यात गावाजवळ येताना. ते बरं चालतं तुला?"

"चालतं म्हणजे? आहे तसं उतरवलंय. इतकी शतकं लोकांनी हातानं नकलून काढलं, कुणाला ते जुळवून टाकायचा मोह झाला नसेल? झालाही असेल. पण दोन्ही गोष्टी आपल्यापर्यंत जशाच्या तशा आल्यात. मग माझ्याच हाताला कसली घाई?"

हिच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीशी टक्कर. भिंत निदान उलट बोलत नाही.

पुढच्या रविवारी हिनं वाचनाला जमलेल्या सगळ्यांना खरं काय ते सांगून टाकलं. मग जे माजलं ते विचारू नका. आमच्यात एक खुर्च्या विणणारा आहे. हात सोन्याचे आणि जीभ कात्रीची. तो वाचनाला येतो तो बहुधा वाद घालायलाच. तो म्हणाला, "वहिनी, ही एक घुसलेली तुम्हाला सापडली. न सापडलेल्या किती असतील? मूळ कागद तर कुणाकडंच नाही. नकलेची नक्कल, तिची नक्कल. मग आम्ही वाचायचं तरी काय म्हणून?"

रागात का होईना, माझ्याही मनात तोच प्रश्न होता.

ही म्हणाली, "सापडल्या नाहीत त्या मला माहीत नाहीत, भाऊजी. खोटं सांगणार नाही. पण ही कशी सापडली ते तपासू या ना."

मग हिनं बाहेरगावच्या अंध वाचनालयांकडून त्यांच्या प्रती मागवल्या. वेगळ्या गावच्या, वेगळ्या हातांच्या, एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांनी टोचलेल्या. खोकीच्या खोकी आली. आम्ही सगळे गोल बसलो, प्रत्येकाच्या मांडीवर एक प्रत, आणि ही छापील पुस्तकातून वाचायची. चुका निघाल्या, ढिगानं निघाल्या. कुठं टिंब गळलेलं, कुठं शब्द दोनदा आलेला, कुठं लागोपाठच्या दोन ओळी एकाच शब्दानं संपतात म्हणून नक्कल करणाऱ्याची दुसरी ओळच उडालेली. पण मजा अशी, की एकाची चूक दुसऱ्याच्या प्रतीत नव्हती. इथं एकजण चुकला तर बाकीचे सगळे मिळून त्याला पकडत होते. आणि आईची ती ओळ फक्त बाईंच्या प्रतीत होती, आणि तिच्यावरून काढलेल्या प्रतींत.

"बघा," ही खुर्च्या विणणाऱ्याला म्हणाली, "जगात एकट्या बाईंचीच प्रत असती तर ही ओळ कधीच कळली नसती. जुन्या काळातही असंच झालं. मूळ गेलं, पण नकला गावोगाव गेल्या, वेगवेगळ्या हातांत. त्या ताडून बघता येतात. आणि अजूनही जिथं खात्री नाही, तिथं छापील पुस्तक स्वतःच खाली टीप देतं, की हा भाग काही जुन्या प्रतींत सापडत नाही. चांगले मोठमोठे उतारे आहेत असे."

"टीप?" तो म्हणाला. "आमच्यात कुठं आहेत टिपा?"

हे मात्र खरं होतं. ब्रेलचं एकेक पुस्तक गठ्ठ्याएवढं होतं, म्हणून बाईंनी कागद वाचवायला सगळ्या तळटिपा गाळल्या होत्या. आम्हाला कुणाला ठाऊकच नव्हतं, की पुस्तक स्वतःबद्दल इतकं सरळ बोलतं. हिनं तिथंच सांगितलं, नव्या प्रतीत एकूण एक टीप घेणार. पानं वाढली, वाचनालयवाले कुरकुरले, ही बधली नाही. त्या दिवशी सगळ्यांसमोर मला माझ्या बायकोचा असा काही अभिमान वाटला, की मी उगाच खाकरलो.

पण खरा पेच पुढंच होता. ओळ बाईंच्या हातून घुसली होती. बाई आता थकल्या होत्या, भाचीच्या घरी एका खोलीत असायच्या. लग्न नाही, संसार नाही, आयुष्यभर एकच गोष्ट मिरवली: माझ्या हातचं कपाटभर आहे, त्यात बोट ठेवायला जागा नाही. त्यांना जाऊन सांगायचं, की शास्त्रात तुम्ही स्वतःची ओळ घातलीत?

सगळ्यांचं एकच मत, माझंही. पिकलं पान आहे, कशाला हलवा. नवी प्रत गुपचूप कपाटात ठेवू, बाईंच्या कानावर जाणार नाही.

"त्यांच्या पाठीमागं त्यांची प्रत बदलायची?" ही म्हणाली. "त्यांनीच मला शिकवलं आणि त्यांच्याशीच लपाछपी? मला नाही जमणार. बाईंनी मला घरातून हाकललं तरी चालेल." हिची आई लहानपणीच गेलेली, हिच्यासाठी बाई म्हणजे कोण ते मला ठाऊक होतं. त्या तुटल्या असत्या तर ही जन्मभर झुरली असती.

आम्ही गेलो. खोलीत औषधांचा वास, कोपऱ्यात घड्याळ. भाचीनं चहा आणून दिला. बाई खुर्चीत बसल्या होत्या. "टिंबवाली आली का? अरे, तूही आलास? मग भांडण दिसतंय."

हिनं आडवळण घेतलंच नाही. जुनं पान बाईंच्या मांडीवर ठेवलं, त्यांचं बोट धरून त्या ओळीवर नेलं आणि म्हणाली, "बाई, ही ओळ छापील पुस्तकात कुठंही नाही. बाहेरगावच्या प्रतींतही नाही. फक्त तुमच्या प्रतीत आहे."

बाईंचं बोट कागदावर सरकल्याचा आवाज मला ऐकू येत होता. गेलं, परत आलं, परत गेलं. मग थांबलं. मी चहाचा कप धरून बसलो होतो, प्यायची हिंमत होईना.

"ही पहिली प्रत मी लहान असताना केली," बाई म्हणाल्या. "आई पुस्तकातून वाचायची आणि मी टोचायची. ती थांबली की मी थांबायची. तिच्या तोंडून येईल ते मी टोचत गेले. मला कुठं दिसत होतं, पुस्तकात काय आहे आणि काय नाही."

हिनं त्यांच्या मांडीवरचं पान सरळ केलं, कागद सळसळला.

"इथं आईचा आवाज जरा बदलला होता. मला आठवतंय. मला वाटलं, तिला घसा धरलाय." बाईंचं बोट पुन्हा त्या ओळीवर फिरलं. "ती वाचत नव्हती गं. माझ्याशी बोलत होती. इतकी वर्षं मी ते शास्त्र म्हणून वाचलं, पोरांना पाठ करायला लावलं. आई माझ्याशी बोलत होती आणि मी तिला उत्तरसुद्धा दिलं नाही."

ही उठून त्यांच्याजवळ गेली, ते मला बांगड्यांवरून कळलं. बाई रडल्या, हीही रडली. माझं म्हणाल तर मी चहा प्यालो, गार झालेला, एका दमात.

मी म्हटलं, "बाई, राहू द्या ती ओळ. कुणी तक्रार करणार नाही."

"गप्प बस रे," बाई म्हणाल्या, थेट वर्गातल्या आवाजात. "काढ गं पोरी. ती शास्त्राची नाही, माझी आहे. आणि खाली टीप घाल. चूक कुणाच्या हातून झाली ते लिही, माझ्या नावानिशी."

"नाव कशाला, बाई? नुसतं लिहिते की जुन्या प्रतींत एक ओळ जास्त होती."

"नाव नसलं तर लोक म्हणतील, शास्त्रातच घोळ होता. घोळ माझ्या हातून झाला. तो माझ्या नावावरच राहू दे. आण ती पाटी."

आणि टीप त्यांनी स्वतःच टोचली. एकही टिंब मोडावं लागलं नाही. हिनं बोट फिरवून तपासलं आणि काहीच सापडलं नाही, तेव्हा बाई खुर्चीत ताठ होऊन बसल्या.

पुढच्या रविवारी बाई हट्टानं वाचनाला आल्या. भाचीनं गाडीतून आणून सोडलं. नवी प्रत पहिल्यांदा मीच वाचणार, असं म्हणाल्या. खोली भरलेली होती. आंधळ्याची गोष्ट आली. तो हाका मारतो, लोक दटावतात, तो वस्त्र टाकून उठतो, आणि बाई पुढच्या ओळीवर गेल्या, जराही न अडखळता. पान संपल्यावर खालची टीप वाचली. आपल्या जुन्या प्रतींत इथं एक ओळ जास्त होती, ती शुभवर्तमानाची नव्हे, वाचून दाखवणारीनं ती आपल्या मुलीशी बोलताना म्हटली आणि मुलीनं टोचली. मग स्वतःचं पूर्ण नाव वाचलं, मान वर करून वाचावं तसं. आणि त्यापुढं आईचं.

खुर्च्या विणणारा माझ्या शेजारीच होता. तो आता वाद काढणार म्हणून मी कोपर तयार ठेवलं होतं. तो म्हणाला, "बाई, तुमच्या आईचं नाव पुन्हा एकदा वाचता का?"

बाईंनी वाचलं.